पुरीभाजी घेऊन कुर्दिस्तानात

कुर्दिस्तान सुंदर आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. डोंगर उंच आहेत, पाणी दात शिवशिवतील इतकं थंड आहे, अक्रोड-डाळिंबांच्या बागा आहेत. एर्बिल शहराच्या मधोमध एक भलंमोठं टेकाड आहे, त्यावर तटबंदीच्या आत हजारो वर्षं माणसं राहत आली आहेत. ज्यांना एवढंच हवं आहे त्यांनी इथेच थांबावं.

कुवेतमधल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या मुलीने मला मालवणला फोन केला. म्हणाली, "आजी, तुम्ही त्या काळी सहलींबरोबर तिकडे जायचात ना? आता लोक पुन्हा जायला लागलेत. निसर्ग, इतिहास, खाणंपिणं, असं छान काहीतरी लिहा."

मी विचारलं, "छान म्हणजे कसं?"

"म्हणजे पॉझिटिव्ह."

मी चौथी शिकलेली बाई. मला जसं आठवतं तसं लिहिता येतं, दुसरं काही येत नाही. तिला तसं सांगितलं. ती हसली. तिला वाटलं मी विनोद करते आहे.

मी स्वयंपाकीण. कुवेतला गेले ती एका मराठी डॉक्टरांच्या घरी रांधायला. पुढे डॉक्टर परत आले, मी राहिले, आणि हवल्लीत दोन खोल्यांत खाणावळ घातली. कागदपत्रं कशी जमवली ते इथे सांगत नाही. खाली एका पॅलेस्टिनी माणसाचा बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, आणि वर माझ्या फोडणीचा वास. जेवायला मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतले इंजिनिअर, इस्पितळातले टेक्निशियन, नर्सा. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी जिन्यातसुद्धा पंगत बसायची.

तिथे वसंतराव नावाचे गृहस्थ जेवायला यायचे. शुवैखमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात हिशेबनीस होते, पण डोकं धंद्याचं. उन्हाळ्यात कुवेत तव्यासारखं तापतं, सगळ्यांना भारतात जायला रजा मिळत नाही, आणि इराकच्या उत्तरेला बसने जाता येईल असा थंड मुलूख आहे, हे त्यांनी हेरलं. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली, ती जास्त महत्त्वाची. मराठी माणूस डोंगर बघायला कुठेही जाईल, पण त्याचा वरणभात त्याच्या आधी तिथे पोचलेला असला पाहिजे. म्हणून दर उन्हाळ्यात खाणावळ बंद करून मी बसमध्ये.

चाळीस माणसांचं रांधणं मला नवं नव्हतं. वाटेतलं रांधणं नवं होतं. घरात चूल एका जागी असते. बसच्या पोटात, जिथे लोकांच्या बॅगा असतात, तिथली अर्धी जागा माझी. पंपाचे दोन स्टोव्ह, एक गॅसची शेगडी, तीन मोठे कुकर, पराती, पातेली, आणि शिध्याचे डबे. पोहे, रवा, तूरडाळ, गोडा मसाला, कोकमं, मेतकूट. लोणच्याच्या बरण्या कणकेच्या पिठात रोवून ठेवायच्या, म्हणजे खड्ड्यांत फुटत नाहीत. पहिल्या वर्षी डोंगरावर डाळ शिजेना. पाणी खळाखळा उकळतंय आणि डाळ दाताखाली कचकचते. उंचावर पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळतं, हे मी तिथे शिकले. तेव्हापासून डाळ आदल्या दिवशी भिजत घालायची आणि वर गेल्यावर कुकरशिवाय तिला हात लावायचा नाही.

सीमेवरच्या नाक्यावर तपासणी फार कडक. सगळे डबे उघडायला लावत. एकदा एका शिपायाने हिंगाचा डबा उघडून नाक खुपसलं. तो असा मागे सरला की त्याची टोपी पडली. साहेब आले, त्यांनी वास घेतला, तेही गेले. पुढच्या वर्षापासून मी हिंगाचा डबा मुद्दाम सगळ्यात वर ठेवू लागले. तपासणी तिथेच संपायची.

गिऱ्हाइकं काय सांगू? एक गृहस्थ बगदादच्या रस्त्यात विचारत, "मावशी, आज ताक पातळ का?" एक बाई झऱ्याच्या पाण्यात हात घालून म्हणाली, "इश्श, किती गार, ह्यांना सर्दी होईल." आणि कर्णिक पतिपत्नी. साहेब रिफायनरीत मोठे इंजिनिअर, घड्याळाचा माणूस. बस दहा मिनिटं उशिरा सुटली तर दिवसभर दहा मिनिटांबद्दल बोलत. बाईंना गली अली बेगच्या धबधब्यासमोर बसून कढी हवी होती. गली म्हणजे खिंड. दोन्ही बाजूंना आभाळ झाकणारे कडे, खाली नदी आपटत जाते, आणि इंग्रजांच्या काळात कडा फोडून काढलेला रस्ता त्यातून वळत जातो. मी आंबोलीचा घाट पाहिलेला आहे, पण तिथे माझ्यासारख्या बाईचीसुद्धा बोलती बंद झाली. बस त्यातून जात असताना अर्धे लोक झोपलेले होते. "धबधबा!" म्हटल्यावर नाही, "चहा!" म्हटल्यावर उठले.

बसचा ड्रायव्हर करीम. तो तिथलाच, कुर्द. कुवेतमध्ये एरवी कामगारांची बस चालवायचा आणि शुवैखच्या एका गॅरेजच्या मागे खोली घेऊन राहायचा. हिंदी तिथल्या मेकॅनिकांकडून शिकला होता, त्यामुळे शिव्या उत्तम आणि बाकीचं मोडकं. शुक्रवारी माझ्याकडे जेवायचा. अरबीत मावशीला खाला म्हणतात, तो मला खाला म्हणायचा. पहिल्यांदा आमटी खाल्ली तेव्हा म्हणाला, "खाला, इस दाल में पेट्रोल डाला क्या?" टेबलावर सगळे रिफायनरीवाले. एवढं हसले की एकाला ठसका लागला. करीमने ती वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

इराण-इराक युद्धाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. सहल निघायच्या आधी करीम एका दुपारी आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. खाली बसेना.

"खाला, वसंतरावको बोलो. एक जगह बस रोकनी है."

त्याचं गाव वर, सीमेजवळच्या डोंगरात. झऱ्याला लागून घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. सरकारची आणि डोंगरातल्या लोकांची लढाई झाली, ती सरकारने जिंकली, आणि सीमेजवळची गावं उठवून माणसं खाली माळावर आणून ठेवली. करीम त्याआधीच कुवेतला आलेला. त्याची आई त्या माळावरच्या वसाहतीत होती. भोवती तार, फाटकावर शिपाई. आत जायला परवानगी लागे, आणि परवानगी मागणाऱ्याची आधी चौकशी होई. करीमचा भाऊ डोंगरात लढलेला. तेव्हा त्याने परवानगी मागायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायाने तुरुंगात जाणं. चार वर्षांत त्याने आईला पाहिलं नव्हतं.

पण हिंदी पाहुण्यांची बस कुणी अडवत नसे. पर्यटक आले म्हणजे मुलूख शांत आहे, असं सरकारला दाखवायचं होतं. पाहुण्यांना गावातलं घर बघायचं आहे म्हटलं तर आत सोडतील, आणि पाहुणे आत गेले तर ड्रायव्हरही जाईल.

वसंतरावांना मी सांगितलं. ते आधी घाबरले, मग त्यांचे डोळे चमकले. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांनी लिहिलं: 'कुर्दी ग्रामजीवनाचं दर्शन, स्थानिक कुटुंबात पाहुणचार.' लोकांना फार आवडलं. त्या ओळीमुळे बस भरली.

निघालो. बसऱ्याच्या खजुरी, बगदादची भाजून काढणारी हवा, किर्कुकच्या तेलाच्या ज्वाळा, मग एर्बिल. वसंतराव माइकवरून सांगत होते, सुलतान सलाहुद्दीन कुर्द होता वगैरे. एर्बिलच्या पुढे रस्ता चढू लागतो. शकलावा गावात मुक्काम. तिथे द्राक्षं, जर्दाळू, बदाम, आणि गल्लोगल्ली पाण्याचे पाट. कुवेतच्या वाळूतून आलेली माणसं त्या पाटांत पाय सोडून बसतात, तेव्हा त्यांचे चेहरे लहान मुलांसारखे होतात. हे मी कबूल करते.

वाटेत एका उतारावर पडकी घरं दिसली. दगडी भिंती, छपरं नाहीत, आणि मध्ये तुतीची झाडं फळांनी लगडलेली. वसंतराव माइकवर म्हणाले, "डावीकडे प्राचीन वस्तीचे अवशेष." सगळे डावीकडे सरकले, कॅमेरे निघाले. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत असे. करीम मान न वळवता हळूच म्हणाला, "खाला, दीवारपे धुआँ अभी काला है." मी बघितलं. खरोखरच काळं होतं.

शकलाव्याहून फळांचे ट्रक खाली जात. त्यातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर करीमने आईला निरोप पाठवला की उद्या दुपारी पाहुणे घेऊन येतो. मी वसंतरावांना म्हटलं, "उद्या दुपारचं काही करत नाही. ती बाई जेवण घालणार."

"असं कसं मावशी? पुरीभाजी करा. लोकांना लागते."

"जेवायला जाताना घरून डबा नेतात का?"

"तुम्ही करा हो. नाही लागली तर संध्याकाळी खाऊ."

वसाहत म्हणजे सिमेंटच्या विटांच्या खोल्या, एकीला चिकटून एक, सरळ रांगेत. झाड एक नाही. मागे लांबवर डोंगर दिसतात, ज्यातून ही माणसं उतरवली. फाटकावर एक तरुण अंमलदार होता, मिशीवाला, बरा वाटला. "हिंद? हिंद झेन!" म्हणाला, म्हणजे हिंदुस्थान छान. एका सिनेमातलं गाणंही गुणगुणला. वसंतरावांनी त्याला सिगारेटचं पाकीट दिलं आणि पाहुण्यांची ओळख करून दिली. हे डॉक्टर, हे इंजिनिअर, आणि ही आमची स्वयंपाकीण. तो म्हणाला, ठीक आहे, जेवून घ्या. पाहुणे जेवतायत तोवर बस आत थांबेल. जेवण झालं की बाहेर.

आमच्यात सुधाताई म्हणून लातूरकडची नर्स होती. इस्पितळात राहून तिला चांगलं अरबी येत होतं. तिने बसमध्ये मोठ्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. मग मी उभी राहिले. मला भाषण करता येत नाही. मी म्हटलं, "ती बाई करीमची आई आहे. चार वर्षांनी पोराला बघणार आहे. तुम्ही जेवताय तोवर त्यांना वेळ आहे. सावकाश जेवा. तासभर जेवा. लग्नात जेवता तसं जेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणून सांगते, कळलं नाही असं कुणी म्हणू नये. सगळ्यांना सगळं कळलं होतं.

खोलीबाहेर सतरंज्या घालून, चादरींची सावली करून करीमच्या आईने बसायची जागा केली होती. शेजारपाजाऱ्यांची भांडी, शेजारपाजाऱ्यांच्या उश्या. म्हातारी लहानखुरी, कपाळावर काळं फडकं बांधलेलं. करीम उतरला आणि "दाये!" म्हणाला, म्हणजे आई. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, एकदाच, आणि लगेच सोडला. कारण पाहुणे उभे होते. आधी पाहुण्यांना बसवायचं, मग मुलगा. तिची रीत तशी होती. माझ्या आईचीही तशीच होती.

जेवण आलं. तिच्याजवळ एकच मेंढा होता, तो कापला होता. मोठ्या थाळ्यांत बेदाणे-बदाम घातलेला भात, त्यावर मटण, बाजूला जाडसर दही, कोवळ्या पाल्याच्या जुड्या, आणि कागदासारखी पातळ मोठी रोटी. मी आयुष्यभर रांधलं आहे, म्हणून सांगते. शीत न शीत मोकळं होतं आणि मटण बोटाने सुटत होतं. तारेच्या कुंपणात राहून, मागून आणलेल्या भांड्यांत, असा स्वयंपाक माझ्याच्याने झाला नसता.

कर्णिक बाई म्हणाल्या, "अगंबाई, श्रावण!"

झालं. जो तो एकमेकांकडे बघू लागला. एरवी ह्याच बाई शुक्रवारी मटणाशिवाय ताटावर बसत नसत. माझ्या खाणावळीत नळीवरून भांडलेल्या आहेत. मी म्हटलं, "बाई, श्रावण कुवेतला ठेवा. इथे जेवा."

"असं कसं मावशी? नियम तो नियम."

"मग दहीरोटी खा. दह्याला श्रावण नाही."

"पाणी कुठलं असेल हो दह्यात?" एक डॉक्टर म्हणाले. डॉक्टरच ते, झालं, दहीही गेलं. सगळ्यांचे हात मांडीवर.

त्यात आपली मराठी सभ्यता. म्हातारी एकेकापुढे वाकून वाढायला लागली, तर लोक हसून ताटावर आडवा हात धरतात, "नको, नको, पुरे." आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, मग वाढणारीने आग्रह करायचा, मग अर्धी पोळी घ्यायची. तिला हे कुठून माहीत? तिने बघितलं, पाहुण्याने ताटावर हात धरला. ती पुढच्याकडे गेली. त्यानेही धरला. चाळीस माणसांची रांग ती तशी फिरली, भरलेली थाळी हातात घेऊन. करीम तिच्या मागे पाण्याचं भांडं घेऊन चालत होता. आईशी बोलायला आलेला माणूस रांगेत वाढपी झाला होता, आणि त्याचं वाढणं कुणी घेत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. वसंतराव उठले आणि बसमधून पुरीभाजीचे डबे घेऊन आले. "ज्यांना चालत नाही त्यांनी हे घ्या," म्हणाले. आणि माणसांनी घेतलं! त्या बाईच्या दारात, तिच्या सतरंजीवर बसून, तिच्या भरल्या थाळ्या बाजूला सारून, पटापट पुऱ्या खाल्ल्या. लोणचंसुद्धा मागितलं. मला मागितलं. मी ऐकलं नाही असं केलं.

सुधाताईने मटण घेतलं. तिचाही श्रावण होता. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, किती हळू खाता येईल?" आम्ही दोघी खात बसलो. एकेक हाड चोखत, एकेक शीत वेचत. फाटकावरचा अंमलदार येऊन बघून गेला. त्याने माझ्याकडे बोट करून सुधाताईला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, ही तर स्वयंपाकीण. पाहुणे जेवत नाहीत का?"

पाहुणे जेवून हात धूत होते. पाणीसुद्धा बसमधलं वापरलं, तिने भरून ठेवलेल्या घागरीतलं नाही. कोणी वसाहतीचे फोटो काढत होतं. म्हातारी आता कुठे करीमला घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली होती आणि खालच्या आवाजात त्याला काहीतरी विचारत होती. तो मान हलवत होता.

कर्णिक साहेबांनी घड्याळ बघितलं. "उजेडात धबधबा गाठायचा असेल तर आत्ताच निघायला हवं."

मी ओरडले, "साहेब, आम्ही जेवतोय अजून."

"तुम्ही काय बसमध्येही खाल, मावशी."

ते बसमध्ये चढले, ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेले, आणि हॉर्न दाबला. दोनदा. अंमलदाराने काही केलं नाही, शिपायांनी काही केलं नाही. हे नीट लिहिते, कारण नंतर मंडळी सांगत फिरली की सैनिकांनी हाकललं. कोणी हाकललं नाही. आमच्याच माणसाने हॉर्न वाजवला. हॉर्न ऐकून अंमलदाराने हात वर केला, चला. जेवण झालं होतं ना.

करीम येऊन सीटवर बसला. म्हातारीने सगळं मटण रोटीत बांधून गाठोडं आणलं आणि खिडकीपाशी उभी राहिली. कर्णिक बाईंनी तिचा फोटो काढला. गाठोडं मी घेतलं. बस निघाली. त्या दिवशी धबधबा उजेडात गाठला. फार सुंदर दिसत होता, सगळे म्हणाले. मी चहा केला नाही. स्टोव्ह पेटत नाही म्हणून सांगितलं. स्टोव्ह धडधाकट होता.

कुवेतला परतल्यावर एका मोठ्या घरात स्लाइड बघायचा कार्यक्रम झाला. पडद्यावर एकेक चित्र आणि कर्णिक साहेबांचं बोलणं. "साधी, आनंदी माणसं. गरिबीतही हसतमुख." मग म्हातारीचं चित्र आलं, खिडकीपाशी गाठोडं धरलेलं. पुढे बसलेल्या एका पोराने विचारलं, "ममी, इज दॅट द गोट लेडी?" सगळे हसले. म्हणजे घराघरांत ती गोष्ट तोवर विनोद होऊन गेली होती: आम्हाला श्रावणात मेंढा वाढला हो! मी उठून खोलीतला दिवा लावला. कर्णिक साहेब म्हणाले, "मावशी, काय हे?"

"सांगा ना पोरांना, हॉर्न कुणी वाजवला."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. चाळीस माणसांचा कार्यक्रम एका ड्रायव्हरसाठी बिघडवायचा का?"

"बिघडवला नाहीत ना? बघा की, चित्रं किती छान आलीत."

मी पायताणं घातली आणि घरी आले. त्यानंतर काही जणांनी माझ्याकडचं जेवण बंद केलं. त्यांच्या जागी दुसरे आले. वसंतराव पुढच्या सहलीचं विचारायला आले, त्यांना म्हटलं, आचारी बघा दुसरा. त्यांना तो बघावाच लागला नाही. इराण-इराकची लढाई लागली, रस्ते बंद झाले. पुढे त्या डोंगरांत काय झालं ते वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

करीम कुवेतमध्येच राहिला. शुक्रवारी जेवायला येत राहिला. त्या दिवसाबद्दल त्याने कधी शब्द काढला नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. लढाई चालू असतानाच त्याची आई त्या वसाहतीतच वारली. कुणा नातेवाइकाकडून बऱ्याच महिन्यांनी त्याला कळलं. सुधाताई आणि मी शुवैखला त्याच्या खोलीवर समाचाराला गेलो. बाहेर गॅरेजात ठोकाठोक चाललेली. त्याने आम्हाला लाकडी खोक्यावर बसवलं आणि काळा चहा दिला. मी न राहवून विचारलं, "करीम, त्या दिवशी दारात उभी राहून तुझी आई काय बोलत होती?"

त्याने माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

"पूछती थी, मेहमान बीमार हैं क्या?"

"मग?"

"मैंने बोला, हाँ, बीमार हैं. और क्या बोलता?"

मग त्याने सांगितलं. तिला खरं वाटेना. एवढी सगळी माणसं एकाच वेळी आजारी? पोटाचं आहे का? ताप आहे का? मुलांनाही आहे का? मग तिने औषध सांगितलं. वाळलेला पुदिना चुरून पाण्यात उकळायचा, मीठ घालायचं, सकाळी उपाशीपोटी द्यायचं. दोनदोनदा सांगितलं, त्याच्याकडून म्हणून घेतलं. तू ड्रायव्हर आहेस, तुझ्यावर त्यांची जबाबदारी आहे, वाटेत त्यांना हे दे. मटण बांधून देते, बरं वाटलं की खातील.

सुधाताई रडायला लागली. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. मला राग येतो.

मी विचारलं, "आणि तुझं? तू कसा आहेस, काय खातोस, लग्न कधी करतोस, हे काही विचारलं की नाही?"

करीम म्हणाला, "टाइम किधर था, खाला."